खऱ्या कळा की खोट्या? नवव्या महिन्यात घरी नोंद कशी ठेवावी आणि केव्हा निघावे

नववा महिना लागलेल्या पहिलटकरणीला रात्री दोन वाजता पोट दगडासारखे कडक होऊन जाग येते, तेव्हा घरात लगेच तीन मते तयार होतात. आई म्हणते, अजून पोट उतरलेले नाही, झोप. सासूबाई फोनवरून सांगतात, एकदाचे दाखवून या. आणि नवरा गाडीची किल्ली शोधू लागतो. यांपैकी कोणाचे बरोबर हे त्या क्षणी ठरवता येत नाही, कारण एका कळेवरून ती खरी की खोटी हे अनुभवी डॉक्टरांनाही सांगता येत नसते. बोलका असतो तो कळांचा क्रम, आणि तो समजण्यासाठी साधारण एक तास, सेकंदकाटा असलेले घड्याळ व एक कागद लागतो. पुढील मजकूर त्या एका तासाविषयी आहे. मात्र काही प्रसंगी हा तास घालवायचाच नसतो, म्हणून आधी ते प्रसंग.

तपासत बसू नये असे प्रसंग

गरोदरपणाचे ३७ आठवडे पूर्ण झालेले नसताना पोट ठरावीक अंतराने कडक होऊ लागले, विशेषतः एका तासात चार किंवा त्याहून अधिक वेळा झाले, किंवा त्याबरोबर कंबर व ओटीपोट जड होऊन खाली दाब जाणवू लागला, तर घरी नोंदी करत थांबू नये. ती वेळेआधीची प्रसूती असू शकते. रुग्णालयात लवकर पोहोचल्यास काही वेळा कळा थोपवता येतात आणि बाळाची फुप्फुसे पक्व व्हावीत यासाठी आईला इंजेक्शने देण्यास अवधी मिळतो. आठवडे शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजतात. पाळीची तारीख आणि सोनोग्राफीतली तारीख जुळत नसेल, तर डॉक्टरांनी कार्डावर लिहिलेली तारीख धरावी.

दिवस भरले असोत वा नसोत, पाळीसारखा लाल रक्तस्राव झाला, पोट सलग कडक राहून सैल पडेनासे झाले, किंवा बाळाची हालचाल नेहमीपेक्षा स्पष्टपणे मंदावली, तर लगेच निघावे. सलग कडक राहणारे, हात लावताच दुखणारे पोट हे वार सुटू लागल्याचे लक्षण असू शकते, आणि अशा वेळी रक्त बाहेर न दिसता आतच साचत असू शकते. तीव्र डोकेदुखी, डोळ्यांपुढे काजवे किंवा अंधारी, छातीखाली उजव्या बाजूला दुखणे, चेहरा व हात अचानक सुजणे ही वाढलेल्या रक्तदाबाची लक्षणे आहेत. त्यांचा कळांशी संबंध नसला तरी थांबू नये. तापाचेही तसेच.

पाणी जाणे हा वेगळा प्रसंग. पाणमोट फुटली की कधी एकदम भळकन पाणी जाते, कधी मात्र कपडा थोडा थोडा ओला होत राहतो, आणि या टप्प्यावर लघवी तशीही आवरत नसल्याने बायका तिकडे दुर्लक्ष करतात. शंका असेल तर लघवी करून यावे, कोरडे स्वच्छ पॅड लावून अर्धा तास बसावे किंवा पडावे आणि पुन्हा पाहावे. लघवीला तिचा वास असतो आणि ती थोडी तरी रोखता येते; गर्भजल फिकट, बहुधा उग्र वास नसलेले असते आणि रोखता येत नाही. पाणी गेले असेल तर कळा नसल्या तरी रुग्णालयात जावे, किती वाजता गेले ते लिहून ठेवावे आणि योनीत बोट किंवा कापूस घालू नये. पाण्याचा रंग हिरवट किंवा तपकिरी असेल, तर बाळाने पोटात शी केलेली असू शकते. मग कपडे बदलण्यातही वेळ घालवू नये. पाण्याबरोबर नाळेसारखे काही बाहेर आल्याचे जाणवले, तर गुडघे व छाती टेकून, ढुंगण वर ठेवून ओणवे व्हावे आणि त्याच अवस्थेत रुग्णवाहिका बोलवावी. असे क्वचितच घडते, पण घडते तेव्हा हाताशी फक्त काही मिनिटे असतात.

आधी सिझेरियन झालेले असेल, जुळी असतील, बाळ आडवे किंवा पायाळू असेल, वार खाली असल्याचे सोनोग्राफीत आले असेल, तर पुढचे घरगुती गणित आपल्यासाठी नाही असे समजावे. अशा बाईने नियमित कळांची पहिली शंका येताच फोन करावा.

पोट कडक होते तेव्हा काय होत असते

गर्भाशय ही स्नायूंची पिशवी आहे, आणि स्नायू आवळतो व सैल पडतो. हे आवळणे गरोदरपणात बरेच आधीपासून चालू असते. ते बहुतेकींना जाणवू लागते शेवटच्या तिमाहीत. लंडनचे डॉक्टर जॉन ब्रॅक्स्टन हिक्स यांनी १८७२ साली या आकुंचनांचे वर्णन केले, म्हणून दवाखान्यात त्यांना आजही ब्रॅक्स्टन हिक्स कळा म्हणतात. आपल्याकडचा रूढ शब्द ‘खोट्या कळा’. तो शब्द मला थोडा अन्यायाचा वाटतो, कारण पोट खरोखर कडक होते, कधी खरोखर दुखतेही, आणि ‘खोट्या’ म्हटले की त्या बाईनेच उगाच गोंधळ केला असा सूर लागतो. सराव कळा हे नाव अधिक बरे.

दोन्ही कळांमधला खरा फरक घरी दिसणार नाही अशा जागी असतो, म्हणजे पिशवीच्या तोंडाशी. सराव कळांनी गर्भाशयाचे मुख विशेष बदलत नाही. प्रसूतीच्या कळांनी ते मऊ होते, आखूड होते, पातळ होते आणि उघडू लागते. पूर्ण उघडले की सुमारे १० सेंटिमीटर होते. दवाखान्यात ‘दोन बोटे उघडले आहे’ असे सांगतात ते याच मोजणीविषयी. घरी आपल्याला हे मुख तपासता येत नाही आणि तपासण्याचा प्रयत्नही करू नये. आपण जे पाहतो ती बाहेरची खूण आहे, म्हणून ती काळजीपूर्वक पाहायची.

पहिली पायरी: ही कळच आहे ना?

पोटातले प्रत्येक दुखणे म्हणजे कळ नव्हे. उताणे न झोपता डाव्या कुशीवर किंवा पाठीमागे उशा घेऊन अर्धवट बसावे आणि तळहात बेंबीच्या वर, पोटाच्या सर्वांत उंच भागावर ठेवावा. कळ येते तेव्हा संपूर्ण पोट एकाच वेळी घट्ट होते, हळूहळू शिखराला जाते आणि तसेच ओसरते. बाळ लाथ मारते किंवा ढुंगण वर काढते तेव्हा गोळा एकाच बाजूला येतो आणि बाकीचे पोट मऊच राहते. गॅसच्या दुखण्यात पोट गुडगुडते आणि शौचाला जाऊन आल्यावर बरे वाटते. कूस बदलताना जांघेत किंवा ओटीपोटाच्या एका बाजूला सर्रकन कळ मारते, ती गर्भाशयाला धरून ठेवणाऱ्या, ताणल्या गेलेल्या बंधांची असते. लघवीला आग होत असेल, वारंवार जावे लागत असेल, तर मूत्रमार्गाचा संसर्ग असू शकतो. त्यानेही पोट आवळते, आणि त्यावर डॉक्टरांकडूनच औषध घ्यावे लागते.

कळ किती जोराची आहे हे बोटांनी अजमावण्याची एक जुनी रीत सुईणी व परिचारिका वापरतात. कळ शिखरावर असताना बोटांची टोके पोटावर हलकेच दाबावीत. नाकाच्या शेंड्याइतका भाग दबला तर कळ सौम्य, हनुवटीइतका घट्ट लागला तर मध्यम, आणि कपाळासारखा न दबणारा लागला तर जोराची. वेदना किती हे फक्त तिला ठाऊक असते. पण पोटाचा हा कडकपणा शेजारी बसलेल्या आईला किंवा नवऱ्यालाही हाताने कळतो, आणि त्यामुळे नुसते पाहत घाबरण्याऐवजी त्यांना काहीतरी उपयोगाचे काम मिळते.

काहींना मात्र पुढे काहीच दुखत नाही, सगळे कमरेतच दुखते. बाळाचे तोंड आईच्या पोटाकडे आणि पाठ तिच्या पाठीकडे असेल तर असे बरेचदा होते. अशा वेळी हाताची कसोटी फार कामी येते: कंबर भरून येते त्याच वेळी पोट कडक होत असेल आणि दोन्ही बरोबरच ओसरत असतील, तर ती कंबरदुखी नसून कळ आहे.

दुसरी पायरी: कारण काढून पाहावे

सराव कळांना बहुधा एखादे निमित्त असते. दिवसभर पाणी कमी पिणे, लघवी तुंबवणे, उभ्याने फार काम होणे, लांबचा प्रवास, शरीरसंबंध, किंवा बाळाचीच जोरदार हालचाल. एप्रिल-मे महिन्यांत विदर्भ-मराठवाड्यातल्या उन्हात पाणी कमी पडणे हे कारण सर्वांत आधी तपासावे. म्हणून आधी लघवीला जाऊन यावे. नंतर दोन पेले पाणी, ताक किंवा लिंबू सरबत सावकाश प्यावे. आतापर्यंत काम चालू असेल तर डाव्या कुशीवर पडावे. पडूनच असाल तर उठून घरातल्या घरात दहा-पंधरा मिनिटे चालावे. मुद्दा स्थिती बदलण्याचा आहे. कोमट पाण्याने अंघोळ केली तरी चालते.

एवढ्याने कळा विरळ झाल्या, हलक्या झाल्या किंवा थांबल्या, तर त्या सराव कळा असण्याची शक्यता मोठी. प्रसूतीच्या कळा पाण्याला आणि कुशीला दाद देत नाहीत. उलट चालल्याने त्या अनेकदा वाढतात.

या पायरीवर काय करू नये हेही सांगायला हवे. कळा ‘मोकळ्या’ व्हाव्यात म्हणून एरंडेल पाजण्याची पद्धत काही घरांत अजून आहे. त्याने जुलाब-उलट्या होतात, अंगातले पाणी आणखी कमी होते आणि बाई दमून जाते. दुकानातून आणलेली पोटदुखीची गोळी विचारल्याशिवाय घेऊ नये. आणि घरी येऊन कळा वाढवण्याचे इंजेक्शन देणाऱ्याला दारातूनच परत पाठवावे. ऑक्सिटोसिन हे रुग्णालयात, थेंब मोजून आणि बाळाचे ठोके तपासत द्यायचे औषध आहे. ते घरी एकदम टोचले तर गर्भाशय सैलच पडत नाही, बाळाला प्राणवायू कमी पडतो, क्वचित पिशवीही फाटते.

तिसरी पायरी: घड्याळ आणि कागद

कागदावर दोन रकाने पुरतात. कळ सुरू झाल्याची वेळ आणि ती किती सेकंद टिकली. दोन कळांमधले अंतर मोजताना सर्वाधिक चूक होते ती येथे: ते एक कळ सुरू झाल्यापासून पुढची कळ सुरू होईपर्यंत मोजायचे असते, मधल्या विश्रांतीचे नव्हे. तीन वाजता कळ सुरू झाली, एक मिनिट टिकली आणि पुढची तीन वाजून पाच मिनिटांनी आली, तर अंतर पाच मिनिटांचे झाले, चारचे नाही. मोबाइलवर यासाठी अ‍ॅप मिळतात, पण दर कळेला स्क्रीन उघडून बटण दाबण्यापेक्षा शेजारच्या माणसाने पेन्सिलीने लिहिलेले मला अधिक भरवशाचे वाटते.

समजा, एका संध्याकाळची नोंद अशी आहे: ९.०५ ला २० सेकंद, ९.२२ ला ४५ सेकंद, ९.३० ला ३० सेकंद, ९.५४ ला १५ सेकंद, आणि मग थेट १०.२०. अंतरे झाली १७, ८, २४ आणि २६ मिनिटे. मध्येच एक अंतर आठ मिनिटांचे आल्याने घरात धावपळ सुरू झालेली असते, पण सगळी नोंद एकत्र वाचली की कळांना ताल नाही, त्या वाढत नाहीत आणि शेवटी विरत चालल्या आहेत हे दिसते.

आता दुसरी नोंद: २.०० ला ३५ सेकंद, २.११ ला ४०, २.२१ ला ४०, २.३० ला ४५, २.३८ ला ५०, २.४६ ला ५०, २.५३ ला ५५. अंतरे ११, १०, ९, ८, ८, ७. येथे एकही कळ पहिल्या नोंदीतल्या कळेपेक्षा फारशी निराळी वाटणार नाही. पण अंतर घटत आहे, कालावधी वाढत आहे, आणि या दोन्ही गोष्टी एकाच दिशेने चालल्या आहेत. याला कळा लागणे म्हणतात.

घड्याळाला जोड म्हणून बोलण्याची कसोटी वापरावी. माझ्या धाकट्या बहिणीला ३८व्या आठवड्यात सलग तीन रात्री पोट कडक होण्याचा त्रास झाला. दुधाच्या हिशेबाच्या वहीमागे आम्ही वेळा लिहीत असू आणि पहाटे सगळे शांत होई. चौथ्या रात्री ती वहिनीला काही सांगत होती आणि वाक्याच्या मध्येच थांबली, ओट्याची कड धरली, डोळे मिटले आणि कळ गेल्यावर तेच वाक्य पुढे चालू केले. आधीच्या तिन्ही रात्री ती कळ चालू असतानाही आमच्याशी वाद घालू शकत होती. कळेत बोलता, चालता, हसता येत असेल तर अजून वेळ आहे. कळ आली की सगळे सोडून श्वासाकडेच लक्ष द्यावे लागत असेल, तर प्रकरण पुढे सरकले आहे.

चिकट, गुलाबी किंवा तपकिरी धाग्यांचा स्राव अंगावरून गेला, तर गर्भाशयाच्या मुखाशी असलेला बुळबुळीत बोळा सुटला असे समजावे. मुख बदलू लागल्याची ती खूण आहे, पण त्यानंतर कळा काही तासांत लागतील की काही दिवसांत, हे तिच्यावरून कळत नाही. पोट उतरल्याचेही तसेच. पहिलटकरणीचे पोट कधी दोन-तीन आठवडे आधीच उतरते, आणि दुसऱ्या खेपेला कळा लागेपर्यंत उतरत नाही. त्यामुळे ‘पोट उतरले नाही, झोप’ हा सल्ला दुसरेपणाला फसवा ठरू शकतो.

मधला लांबलचक टप्पा

खरी अडचण या दोन नोंदींची नसते. अडचण तिसऱ्या प्रकाराची असते, ज्यात कळा तासन्‌तास दहा-बारा मिनिटांनी येत राहतात, झोपू देत नाहीत, पण वाढतही नाहीत. ही बहुधा प्रसूतीची सुरुवातीची अवस्था असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१८ सालच्या शिफारशींनुसार मुख ५ सेंटिमीटर उघडेपर्यंतचा काळ सुरुवातीचा धरला जातो आणि त्याला ठरावीक मुदत नाही. ५ सेंटिमीटरनंतरचा वेगवान टप्पा मात्र पहिल्या खेपेला सहसा १२ तासांपेक्षा आणि पुढच्या खेपांना १० तासांपेक्षा अधिक लांबत नाही. पहिल्या बाळंतपणात सुरुवातीचा काळ दिवसभर चालला तर काही बिघडले असे नाही, पण या काळात बाईने आपली शक्ती खर्चून टाकू नये. रात्र असेल तर दोन कळांमध्ये डुलकी घ्यावी. दिवस असेल तर नेहमीची हलकी कामे करावीत आणि मऊ भात, पेज, उपमा, केळे असे पचायला हलके थोडे थोडे खावे. सिझेरियन ठरलेले असेल किंवा डॉक्टरांनी उपाशी राहायला सांगितले असेल, तर त्यांचेच ऐकावे. कळेच्या वेळी भिंतीला किंवा ओट्याला टेकून पुढे वाकणे आणि कोणीतरी कमरेवर तळहाताने दाब देणे यांनी पुष्कळ आराम पडतो. जोर मात्र लावू नये. मुख पूर्ण उघडण्याआधी कळा देण्याचा काही उपयोग नसतो.

सतत घड्याळ पाहत बसण्याचीही गरज नाही. चार-पाच कळांची नोंद करावी, वही बाजूला ठेवावी आणि तास-दीड तासाने, किंवा काही बदलल्यासारखे वाटले तर, पुन्हा चार-पाच कळा मोजाव्यात. बाळाच्या हालचालीकडे मात्र अधूनमधून लक्ष असू द्यावे. कळा लागल्या म्हणून बाळ शांत होते ही समजूत चुकीची आहे.

केव्हा निघावे

पहिल्या खेपेला, सगळे सुरळीत असताना आणि रुग्णालय जवळ असताना, साधारण ठोकताळा असा: कळा दर पाच मिनिटांनी, प्रत्येकी सुमारे एक मिनिटाच्या, आणि हा क्रम सलग एक तास. आपल्या डॉक्टरांनी वेगळे सांगितले असेल तर ते धरावे. दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला मुख भराभर उघडते, म्हणून सात-आठ मिनिटांच्या नियमित कळांवरच निघणे शहाणपणाचे. शौचाला लागल्यासारखा, आवरेना असा खाली दाब येऊ लागला, तर कागद ठेवून द्यावा आणि लगेच मदत बोलवावी.

हा ठोकताळा पुण्या-मुंबईत वीस मिनिटांवर रुग्णालय असलेल्या घराला लागू पडतो. वाटेत घाट असेल, पावसाळ्यात ओढ्यावरून पाणी जात असेल, रात्री वाहन मिळायला तास लागत असेल, तर ती वेळ आधीच वजा करावी आणि कळा नियमित झाल्या की निघावे. आदिवासी भागांतील काही प्राथमिक आरोग्य केंद्रांजवळ माहेरघराची सोय आहे, जिथे तारखेच्या काही दिवस आधी येऊन राहता येते. आशाताईंना सातव्या-आठव्या महिन्यातच विचारून ठेवावे. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली सरकारी रुग्णालयात सिझेरियनसह प्रसूती आणि घरून नेण्या-आणण्याचे वाहन मोफत आहे. त्यासाठी १०२ आणि तातडीच्या प्रसंगी १०८ हे क्रमांक घरातल्या सगळ्यांच्या मोबाइलमध्ये असावेत. माता-बाल संरक्षण कार्ड, सोनोग्राफीचे अहवाल, रक्तगटाचा कागद आणि आधार कार्ड एकाच पिशवीत असावे.

फोनवर बोलताना ‘खूप दुखतंय’ एवढे सांगून भागत नाही. कितवा आठवडा, कितवी खेप, आधीचे सिझेरियन आहे का, कळा किती मिनिटांनी आणि किती सेकंदांच्या, पाणी किंवा रक्त गेले का, बाळ हलते का, हे त्याच क्रमाने सांगावे. वहीतली नोंद समोर असेल तर हे अर्ध्या मिनिटात होते. शक्यतो बाईनेच बोलावे. बोलताना तिला थांबावे लागते का, हे पलीकडच्या परिचारिकेला ऐकू येते.

तपासून ‘अजून वेळ आहे’ म्हणून घरी पाठवले, तर त्यात ओशाळण्यासारखे काही नाही, आणि घरच्यांनीही पुढच्या वेळी ‘मागच्यासारखेच असेल’ असे म्हणू नये. निघण्यापूर्वी तीन गोष्टी विचारून घ्याव्यात: मुख किती उघडले आहे, बाळाचे ठोके ठीक आहेत ना, आणि नेमके काय झाल्यावर परत यायचे. उत्तरे त्याच वहीत, तारीख व वेळ घालून लिहावीत, कारण पहाटे परत जावे लागले तर डॉक्टरांची कामाची पाळी बदललेली असते आणि तपासणाऱ्या नव्या डॉक्टरांना पहिला प्रश्न हाच असतो की आधी किती उघडले होते.